साडेचार मिलिमीटर

इटा रॉसिटरने बॅलिनरोशच्या रेल्वे फाटकावर अर्धं आयुष्य काढलं. गाडी यायची वेळ झाली की फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं, आणि मधल्या वेळात ज्यांना घाई असेल त्यांच्या शिव्या ऐकायच्या. नुसत्या ऐकून घेणाऱ्यातली ती नव्हती. एकीला दोन परत करायची.

वेक्सफर्डच्या दक्षिणेचा हा सगळा मुलूख बीटाचा. खायच्या लाल बीटाचा नव्हे, साखरेच्या पांढऱ्या बीटाचा. हवा गार पडू लागली की शेतकरी ट्रॅक्टर भरभरून बीट आणायचे, स्टेशनाच्या आवारात ढीग लागायचे आणि तपकिरी वाघिणींची लांबलचक मालगाडी ते घेऊन मॅलोच्या कारखान्याकडे निघायची. त्या वाघिणीही कशा, तर पन्हाळी पत्र्याच्या एका जुन्या डब्यावर तसाच दुसरा डबा चढवून उंच केलेल्या. बेढब, चिखलाने बरबटलेल्या. इटाला मात्र जगात त्यांच्याइतकं देखणं काही दिसलं नव्हतं.

पुढे कारखाना बंद झाला. बीट गेलं, काही वर्षांनी माणसांची गाडीही गेली. फाटक काढून न्यायला जी माणसं आली त्यांना इटाने चहा विचारला नाही. हे गावात अजून सांगतात, कारण बॅलिनरोशमध्ये दारी आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं.

मग तिने वाघिणी बनवायला घेतल्या. खऱ्या वाघिणीच्या शहात्तराव्या हिश्शाच्या, तळहातावर मावतील अशा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्म्यावर भिंग लावून. पन्हाळी पत्र्यासाठी तिने अॅपल-पायचे अॅल्युमिनियमचे ट्रे साठवले. मातीचे बारीक बीट वळले. वर जो चिखल उडवायचा तो तिचा धाकटा भाऊ मोग याच्या शेतातला, जुन्या मोज्यातून गाळलेला.

"सांधे धरलेत म्हणून डबा उघडायला मला हाक मारतेस," मोग म्हणायचा, "आणि हे मुंगीच्या गाडीचे स्क्रू बरे बसवता येतात तुला."

"डबा तू उघडू शकतोस. हे तुला जमणार आहे का?"

मोग आपले फावड्यासारखे हात बघायचा आणि डबा उघडायला घ्यायचा.

वेक्सफर्ड शहरात छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब होता आणि इटा त्याची सभासद होती. क्लबाचा अध्यक्ष फिंटन कॉड. औषधांचं दुकान मुलीकडे सोपवून मोकळा झालेला, मऊ बोलणारा, मनाने चांगला माणूस. त्या वर्षी क्लबाने ठरवलं की जिल्ह्याच्या प्रदर्शनात बॅलिनरोशचं स्टेशन उभं करायचं. फलाट, सिग्नल, चर्च, मागचं टेकाड, सगळं. आणि बीटाची गाडी अर्थातच इटाची.

घोडं अडलं ते रुळांवर. आयर्लंडचे रूळ इंग्लंडच्या रुळांपेक्षा चांगले साडेसहा इंच रुंद. पण दुकानात तयार मिळतात ते छोटे रूळ सगळे इंग्लंडच्या मापाचे, त्यातही जरा अरुंदच, म्हणून क्लबानेही तेच अंथरले होते. इटाने मात्र आपल्या वाघिणी खऱ्या आयरिश रुंदीला बनवल्या होत्या. तिची चाकं त्या रुळांवर बसेचनात.

"जरा आत दाबावी लागतील," फिंटन बैठकीत म्हणाला. "आसावर नुसती सरकवायची. साडेचार मिलिमीटरचा तर प्रश्न आहे, इटा. कोणाच्या लक्षात येणार आहे?"

"माझ्या."

"तू सोडून."

"मला मी कशाला सोडू?"

दोघंतिघं हसले. फिंटनही हसला. "हे बघ, यात झेंडा आणू नकोस. आपली ही रुंदीसुद्धा लंडनच्याच एका साहेबाने ठरवून दिली होती."

"झेंडा गेला खड्ड्यात. मी रुंदीबद्दल बोलतेय."

त्यापुढचं ती बोलली नाही. तिच्याआधी फाटक तिच्या आईकडे होतं. आईने लहानपणी तिला सांगून ठेवलं होतं, की एका रुळावर उभी राहून एका ढांगेत दुसरा रूळ गाठशील त्या दिवसापासून फाटकाची किल्ली तुझी. किती दिवस ती तंगड्या फाकत होती. कितीदा मधल्या खडीवर पडून गुडघे सोलले. अखेर जमलं तेव्हा आईने हातातलं काम टाकून एप्रनच्या खिशातून किल्ली काढून दिली होती. ही रुंदी तिच्या पायांना ठाऊक होती. ती कोणाला कशी दाखवणार?

शेवटी तोडगा निघाला. इटाच्या वाघिणी गाडी म्हणून चालवायच्या नाहीत, शेजारी काचेच्या कपाटात मांडून ठेवायच्या. इटाने मोठ्या नाखुशीने मान डोलावली आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी खोके फिंटनच्या हवाली केले.

दुसऱ्या दिवशी मोगच्या मोटारीतून ती शाळेच्या क्रीडागृहात पोचली, तेव्हा बॅलिनरोशच्या टेबलाभोवती गर्दी दाटली होती. कोणाच्या तरी खांद्यावरून तिने वाकून पाहिलं. टेकाडाच्या वळणावरून तिची गाडी येत होती. तिची स्वतःची. वाघिणीमागून वाघीण हलत डुलत फलाटाजवळून गेली, चर्चला वळसा घालून पुन्हा आली. किती वर्षांनी! तिचा हात आपसूक वर गेला, ड्रायव्हरला दाखवायचा तसा.

मग तिचं लक्ष चाकांकडे गेलं. पाय बांधून बाजारात नेलेल्या कोंबडीसारखी ती पोटाखाली ओढून घेतलेली होती. वरचा डबा ऐसपैस आणि खाली कसेबसे जवळ घेतलेले पाय.

फिंटन हात चोळत जवळ आला. त्याचे डोळे लाल होते, पण चेहरा फुलला होता. "एकेक करून सगळी बसवली, इटा. तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. लोक बघ कसे खूश आहेत!"

इटा लोकांतून वाट काढत पुढे गेली, बटण फिरवून गाडी थांबवली आणि एकेक वाघीण उचलून खोक्यात ठेवू लागली.

"अगं, काय करतेस? लोक बघताहेत."

"बघू देत. तिकीट काढून आलेत."

"प्रदर्शन चालू आहे, इटा! माझं ऐक तरी."

"तू माझं ऐकलंस?"

बोलताना तिचा आवाज चढला नव्हता, पण आसपासची माणसं एक पाऊल मागे सरकली. सगळ्या वाघिणी भरून झाल्यावर तिने खोके मोगच्या हातात दिले. मोगला वाटलं, चला, घरी. तो दाराकडे वळला.

"तिकडे कुठे? मोटारीतून माझी फळी आण."

फळी म्हणजे घरी वाघिणी तपासायला तिने बनवलेला सरळ रूळ. खऱ्या रुंदीचा, स्वतः ठोकलेला, हातभर लांब, काचेच्या कपाटात वाघिणी त्यावर मांडायच्या म्हणून सोबत आणलेला. तो मांडायला मात्र क्रीडागृहात जागा नव्हती. टेबलं सगळी नेमून दिलेली. इटा थेट चहाच्या टेबलापाशी गेली, जिथे पेग स्टॅफर्ड किटल्या, हॅमची सँडविचं आणि मनुकांचा पाव मांडून राज्य करत होती.

"पेग, अर्धं टेबल दे."

पेगने खोक्यांकडे पाहिलं, मग इटाच्या तोंडाकडे. तिने सँडविचांची ताटं एकावर एक रचली आणि फडक्याने लाकूड पुसलं. "बस. चहात साखर दोन चमचे टाकते. तुला आज लागणार."

इटा बसली आणि चाकं ओढू लागली. आसावर घट्ट दाबलेलं चाक चिमटीत धरायचं, हळूच पिरगाळत बाहेर सरकवायचं, पट्टीने मोजायचं. दहाबारा झाली आणि तिची बोटं आखडली. मोगने हात पुढे केला, तशी तिने मान हलवली. मध्येच ती कपाळाला हात लावून डोळे मिटून बसे, चहाचा गरम पेला बोटांत धरी आणि पुन्हा सुरुवात करी.

थोड्या वेळाने प्रदर्शनाचा व्यवस्थापक आला. कोट, छातीवर बिल्ला. "बाई, हे टेबल मांडणीत नाही. तुम्हाला इथे काही दाखवता येणार नाही."

"मी दाखवत नाहीये. दुरुस्त करतेय."

"तरीही. हे टेबल चहाचं आहे."

"आणि चहा माझा आहे," पेग मागून म्हणाली. "या बाई चहा पिताहेत. तुम्ही घेणार, की रांग अडवणार?"

मागे खरंच रांग होती. व्यवस्थापकाने चहा घेतला.

दुपार कलता कलता वाघिणी फळीवर उभ्या राहू लागल्या. एका वेळी चारपाचच मावत. इंजिन नव्हतं, वीज नव्हती. इटा बोटाने त्या ढकलत होती. चहाला आलेले लोक पेले घेऊन तिथेच थांबू लागले. एक तरुण सभासद हसून म्हणाला, "ही तर हातगाडी झाली!"

"ओढायला काय, कोणीही ओढतं," इटा म्हणाली. "भरणारा लागतो. तू कधी काही भरलंयस?"

गर्दीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने खदखदून हसत पेला खाली ठेवला. तो वाकला, वाघिणीकडे बघत राहिला. "माझा बाप यातल्याच एकीवरून घसरून पडला होता. पाय मोडला आणि उठून पहिलं काय विचारलं, तर बीट सांडलं का!" मग दुसरा बोलू लागला, पाऊस आणि गारठलेल्या हातांबद्दल. तिसरा म्हणाला, बरं झालं ते पीक गेलं, कंबरडं मोडायचं. त्यावरून तिथेच वाद जुंपला. इटा वाघीण ढकलत राहिली. चाकांबद्दल तिला कोणीच काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

क्लबाच्या स्टेशनाला दुसरं बक्षीस मिळालं, बीटाच्या गाडीवाचून. पुढच्याच आठवड्यात निरोप आला, की इटाने सभेत येऊन माफी मागावी, नाहीतर सभासदत्व सोडावं. तिने त्याच निरोप्याकडून उलट कळवलं, की सोडलं.

हिवाळाभर मोगच्या बटाट्याच्या कोठारात ठोकाठोक चालू होती. फळ्या आल्या, त्यांवर टेकाड आलं, फाटक आलं. रूळ इटाने एकेक करून ठोकले. सरळ रूळ चांगले झाले, पण सांधा बदलायच्या जागी प्रत्येक वेळी गाडी घसरे. इटा शिव्या देई, उखडून टाकी, पुन्हा ठोकी.

वसंतात एका रविवारी प्रार्थनेनंतर कोठाराच्या दारात फिंटन उभा राहिला. हातात टोपी. मोगने बहिणीकडे पाहिलं आणि बटाटे निवडायचं निमित्त करून बाहेर सटकला.

"मी तुझं भलं करायला गेलो होतो," फिंटन म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणून तर इतका राग आला."

"अजून आहे?"

"आहे."

फिंटनने मान हलवली. गेला मात्र नाही. त्याची नजर सांध्यावर खिळली होती. "कथलाचा डाग देताना रूळ तापून वाकतोय तुझा," तो हळूच म्हणाला. "म्हणून घसरते."

"मला दिसतंय ते. हात स्थिर राहत नाही."

जिल्ह्यात डाग द्यायला फिंटनइतका सफाईदार हात दुसरा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने टोपी खिळ्याला अडकवली. "क्लबात कळलं तर हसतील मला."

"हसू देत. आणि फिंटन..." इटाने मापाची पट्टी उचलून त्याच्यासमोर फळीवर आपटली. "आधी मोजायचं. मला दाखवायचं. मग डाग."

फिंटन बाह्या सरसावून स्टुलावर बसला आणि मोजू लागला.