उसवलेला टक

ताईने शिवलेला ब्लाउज अंगावर नीट बसला नाही, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून धाकट्या बहिणीच्या, चिमीच्या, नव्या ब्लाउजला छातीशी डावीकडे चुणी पडली, तेव्हा ताईने स्वतःलाच चार शब्द सुनावले. छातीला गोलाई देणारा टक उसवला, शिलाईत राखलेलं कापड सैल सोडलं, पुन्हा शिवला. थोड्याच दिवसांत परत तेच; तिने टक पुन्हा सैल केला. "अंगाने भरलीस गं," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

हसण्यासारखं त्या घरात फार नव्हतं. आई छातीच्या कॅन्सरने गेली, मावशी अंडाशयाच्या. रक्त तपासलं, तर दोघी बहिणींत तोच आनुवंशिक दोष निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अंडाशय काढले की पोटातला धोका जवळजवळ संपेल आणि छातीचाही निम्म्यावर येईल. ताईची मुलं मोठी झालेली, तिचं काय अडणार होतं? चिमीला मात्र मूल हवं होतं. ताई हात धुऊन तिच्या मागे लागली. "मूल दत्तक घेता येईल. तुला कुठून आणू?" चिमीने लहानपणापासून ताईचं ऐकलं होतं, तसंच हेही ऐकलं; दोघींनी अंडाशय काढून घेतले. त्यानंतर छातीच्या तपासण्या दोघींनीही टाळल्या. सुटलो एकदाच्या, असंच त्यांनी धरलं.

चिमीच्या डाव्या काखेत गाठ हाताला लागली तोवर छातीतल्या गाठीतून रोग हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाई मान खाली घालून म्हणाल्या, "तेव्हा आम्हालाही तसंच वाटायचं. आता नवे अभ्यास सांगतात, तुमच्यातल्या दोषात अंडाशय काढून छातीचा धोका बहुधा कमी होत नाही."

ताईच्या डोळ्यांपुढे ती चुणी होती. छातीतल्या त्या गाठीला तिने स्वतःच्या हातांनी, दोनदा, जागा करून दिली होती.

घरी आल्यावर चिमीने विचारलं, "ताई, टक उसवून ब्लाउज अंगावर बसवलास तेव्हा हाताला काही लागलं नाही का गं?"

"मला वाटलं, माझंच माप चुकलं."

चिमीने मशीनवरचा अर्धवट कपडा बाजूला सारला. मग तिने ताईचा हात हातात घेतला.

"जाऊ दे. मूल झालं नाही ते बरंच झालं बघ. आता पोरकं झालं असतं."

हे ती ताईची समजूत काढायला म्हणाली, आणि ताईला रडूसुद्धा फुटेना.