तिसरी ओळ, डावीकडून चौथी

न विचारता करायचं आणि मग केलं म्हणून छाती काढून सांगत फिरायचं, ही काकूंच्या पुतण्याची जुनी खोड. लहानपणी त्यानं घरातलं घड्याळ असंच ‘साफ’ केलं होतं. त्याचे तीन स्क्रू अजून काकूंच्या शिवणाच्या डब्यात पडून होते. आता साठी उलटली, नोकरीतून निवृत्त झाला, तरी खोड जागच्या जागी. या खेपेला त्यानं वसाहतीचे एकेचाळीस फोटो फळ्यांवर चिकटवून आणले.

वसाहतीत पहिल्यांदा टाकीचं पाणी आलं तेव्हा सगळी घरं टाकीच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि फोटो निघाला. पुढं एकेचाळीस वर्षं त्याच दिवशी निघत गेला, मग ती प्रथा बंद पडली. आता टाकी पाडायची होती, पायऱ्यांसकट. म्हणून रविवारी वाचनालयाच्या खोलीत फोटो मांडायचे ठरले. ते होते काकूंच्या ट्रंकेत. पुसून देतो म्हणून पुतण्या घेऊन गेला, तो हे करून आला.

“काकू, बघा तरी. सुताराचा डिंक लावलाय. शंभर वर्षं हलायचे नाहीत.”

काकूंनी एक फळी उलटी केली. मागं कोरं लाकूड.

“मागची नावं कुठायत?”

“कसली नावं?”

प्रत्येक फोटोच्या पाठीवर ओळीओळीनं नावं होती. काकू दुसरीतच शाळेतून उठलेल्या. त्या चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायच्या आणि त्यांची थोरली जाऊ बारीक पेन्सिलीनं लिहायची. थोरली गेली त्याला नऊ वर्षं झाली.

“तुझ्या आईचं अक्षर होतं ते, गाढवा.”

पुतण्याचा चेहरा खर्रकन उतरला. तरी गप्प बसेल तर तो पुतण्या कसला. “पण तुम्हाला सगळी माणसं पाठ आहेत ना? तुम्ही सांगा, मी पुढून चिठ्ठ्या लावतो.”

“पाठ नसायला काय झालं?” काकू म्हणाल्या आणि तिथंच फसल्या.

पहिले सहा फोटो झरझर झाले. सातव्याला बोट अडखळलं. नवव्याला तर पायऱ्याच ओळखीच्या वाटल्या, माणसं नाहीत. मागं लिहिलंय या भरवशावर काकूंनी ती डोक्यातून कधीच उतरवून ठेवली होती. एका मिशाळ माणसाला त्यांनी बेधडक “गवळ्याचा मेहुणा” म्हणून टाकलं. गवळ्याला मेहुणाच नव्हता. पुतण्यानं इमानदारीत चिठ्ठी लिहून लावली.

दुपारी तो जेवायला गेल्यावर त्यांनी दार लावलं, चहाचं आधण ठेवलं आणि एक फळी वाफेवर धरली. कडेनं पातळ सुरी घातली. फोटो सुटला, पण कांद्याच्या पापुद्र्यासारखा वरच्यावरच सुटला. नवऱ्याचा चेहरा सुरीला चिकटून आला. काकूंनी तो बोटानं परत जागेवर दाबला. बसला नाही.

अशात जेवून परतलेल्या पुतण्याबरोबर एक पाहुणी आली. पन्नाशी ओलांडलेली, हातात पुतण्यानं गावोगाव पाठवलेलं फोटोंचं पत्रक. ती वर्षाची असताना तिची आई इथंच, बारा नंबरच्या घरात वारली. बाप दुसरं लग्न करून निघून गेला. पोर आजोळी वाढली.

“आईचा एकही फोटो नाही घरात. अकराव्या वर्षाच्या फोटोत ती असेल असं मामा सांगायचा. मागं नावं असतात म्हणे. मला उद्या संध्याकाळी परत निघायचंय.”

पुतण्या खिडकीबाहेर बघू लागला. काकूंनी अकरावी फळी मांडीवर घेतली. तरुण बायका तीनच, तिसऱ्या ओळीत, तिघीही अनोळखी.

“तुम्हीच ओळखाल असं खाली सगळे म्हणाले, काकू.” पाहुणीनं मान वाकवली. “मघापासून बघतेय. मला तिघींतही माझंच नाक दिसतंय.”

काकूंचं बोट उचललं गेलं. कुणावरही ठेवलं असतं तरी बाई सुखानं घरी गेली असती. खोटं ठरवायला वसाहतीत उरलंय कोण? बोट मधलीवर टेकलंसुद्धा. मग त्यांना तो मिशाळ माणूस आठवला. त्यांनी बोट मागं घेतलं.

“मला येत नाही ओळखता,” त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून वसाहतीत कुणीच ऐकलं नव्हतं. “सुताराला बोलाव रे. आणि त्याला आधी विचार. तोंड असतं ना, ते त्याच्यासाठी असतं.”

सुतारानं फळी उन्हात धरली. “पुढून सोलाल तर माणसं जातील. मागून लाकूड उतरवतो. हा डिंक वाळला की काचेसारखा होतो, अक्षर दिसेल. पण एका फळीला एक दिवस जाणार, आणि रंधा खोल गेला तर गेला. आधीच सांगतो.”

“करा,” पाहुणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या ओट्यावर त्यानं मागून रंधा मारला. प्लायच्या फळीचे दोन थर भुशात गेले. तिसरा थर तो ओल्या फडक्यानं आणि पात्यानं नखभर नखभर काढत बसला. एका कोपऱ्यात पातं घसरलं. पहिली ओळ गेली. काकूंनी डोळे मिटून घेतले. पाहुणीची गाडी तासावर आली होती.

“आलं,” सुतार म्हणाला.

काकूंनी कुणाला वाचू दिलं नाही. स्वतः बोट ठेवून, अक्षर लावत गेल्या. तिसरी ओळ. डावीकडून चौथी. बारा नंबरची नवी सून. नाव विचारायचे आहे.

त्यांनी परत वाचलं. तेवढंच होतं. नंतरही ती दोन वर्षं इथं राहिली होती, इथंच गेली होती. सांगणाऱ्या काकूच होत्या.

पाहुणीनं फळी फिरवून चौथा चेहरा शोधला. काकूंनी मधलीवर बोट ठेवलं होतं. ही कडेची होती, डोळे उन्हानं बारीक झालेली. पाहुणीनं त्या चेहऱ्याच्या कडेनं बोट फिरवलं. मग हळूच आईचं नाव सांगितलं.

पुतण्यानं खिशातून पेन काढलं.

“पेन नको. पेन्सिल घे,” काकू म्हणाल्या. “आणि ऐक. तू विचारलं नाहीस, म्हणून चाळीस फळ्या सुताराच्या दारात. मी विचारलं नाही, ते कुठल्या सुताराकडे नेऊ? दोघंही सारखेच मेले आपण. बस खाली आणि लिही.”