साड्यांच्या आड गायलेलं गाणं

खट्. दुपारी घर निपचित पडलेलं असताना एवढाच आवाज व्हायचा. तो माझं हँडल फिरल्याचा. मित्रांनो, मी मोहने गावातल्या एका घरातलं जुनं लोखंडी कपाट आहे.

शहाडच्या एका शेडमध्ये देवराम मिस्त्रीने मला घडवलं. पत्रा कापला, वाकवला, वर हिरवट रंग मारला. सगुणाबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हा टेम्पोतून तिच्यामागोमाग मीही आलो. तेव्हा माझा काय भाव होता! शेजारणी माझ्या आरशात बघून पदर सारखा करून जायच्या. पुढे घरात लाकडी फर्निचर आलं. माझा एक पाय गंजला, त्याखाली विटेचा तुकडा आला. मला भंगारात द्यायचं दर दिवाळीला ठरायचं, आणि साड्या ठेवायच्या कुठे म्हणून राहून जायचं.

सगुणाबाई धवलारीण. म्हणजे लग्नाची, हळदीची गाणी जिला तोंडपाठ, आणि जिने ती म्हटल्याशिवाय इथल्या जुन्या घरांत लग्न पुढे सरकत नाही, अशी बाई. तिची सून कल्पिता. तिला सासूची गाणी येतातच, पण ती स्वतःचीही जुळवते. लेक अक्षदा झोपली की ती माझं दार उघडायची, मोबाइल साड्यांवर ठेवायची आणि डोकं आत घालून गायची. कपड्यांत आवाज घुमत नाही, शेजारचा कुकरही ऐकू येत नाही. आयुष्यभर मी साड्या सांभाळल्या. गाणं पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलं.

त्यातलं हळदीचं एक गाणं तिने सर्वेशला पाठवलं. घोडबंदर रोडला त्याचा स्टुडिओ. आमच्या भागात हळद म्हटली की सर्वेशचीच बीट वाजते. गायलंय कोण, हे कुणी विचारत नाही. आठ दिवसांनी गाणं तयार होऊन आलं. सासू-सुनेने माझ्यासमोर उभं राहून ऐकलं. आधी एक भारदस्त आवाज आला, "सर्वेश आलाय, जागा करा."

सगुणाबाईने कान टवकारले. "यो कंचा देव गो?"

"देव नाय आई, म्युझिकवाला. प्रत्येक गाण्याआधी स्वतःचं नाव टाकतो."

"पयलं गावदेवीला बोलवाचं, मंग गानं. तिला उठवून यो बसला क?"

कल्पिता हसली, आणि मग तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. गावदेवीला बोलावण्याच्या दोन ओळी खरंच गेल्या होत्या. ढोल असा होता की पाय आपोआप हलावेत. पण तिचा आवाज कडक इस्त्री मारल्यासारखा लागत होता. कुठे श्वास नाही, जराशी खरखर नाही. तिने तिथल्या तिथे सर्वेशला फोन लावून त्या ओळी का कापल्या, ते विचारलं.

"वहिनी, पहिल्या पाच सेकंदांत बीट नाही आली, तर पब्लिक पुढचं गाणं लावते," सर्वेश म्हणाला.

"मग राहू दे रे. तू ते बाहेर नको काढूस. माझं गाणं माझ्या घरात राहील."

फोन ठेवून तिने माझं दार लावून घेतलं. ते गाणं लोकांपर्यंत जायची एकच वाट होती, आणि ती तिने स्वतःच बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी सर्वेश बाइकवरून दारात हजर. "वहिनी, तुम्ही मला पाठवलेलं ते रेकॉर्डिंग कुठल्या स्टुडिओतलं?"

कल्पिताने माझं दार उघडलं. त्याने डोकं आत घातलं आणि एक टाळी वाजवली. ती जराही घुमली नाही. "आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओत फोम लावण्यात माझे दोन महिने गेले. इथे नुसत्या पैठण्यांवर काम झालंय."

"पैठन्या कुठल्या, साध्या साड्या हायेत. चा पी," सगुणाबाई म्हणाली.

चहा झाल्यावर त्याने स्वतःचा माइक माझ्यात ठेवला आणि गावदेवीच्या त्या दोन ओळी पुन्हा गायला लावल्या. कल्पिता गायली. मधे तिचा श्वास लागला, तोही त्याने राहू दिला. "ह्याला हात लावत नाही. माझं नाव नंतर येऊ दे. पण तिथून पुढचं माझ्यावर सोडा." ती हो म्हणाली.

मित्रांनो, मी सर्वेशचा ऋणी आहे. तो नसता तर ते गाणं माझ्या साड्यांतच विरून गेलं असतं. आज शहाडपासून डोंबिवलीपर्यंत हळदी त्यावर नाचतात. सुरुवातीच्या दोन ओळींना म्हाताऱ्या बाया हात जोडतात, असं सगुणाबाई सगळ्यांना सांगते. माझ्या भंगाराची भाषा आता कुणी करत नाही. तुमच्याही घरात असं एखादं कपाट असेल, तर त्याच्या बिजागऱ्यांना थोडं तेल द्या. आणि गाण्याची सुरुवात कंटाळून वगळू नका. तिथे कुणीतरी तुमच्या अगदी जवळ येऊन गात असतं.

परवा कल्पिता माझ्यात कपडे लावत होती. अक्षदा खाली बसून मोबाइलवर तेच गाणं ऐकत होती. दोन ओळी झाल्या, सर्वेशचं नाव आलं, ढोल सुरू झाला, त्यावर तो इस्त्री मारलेला आवाज आला, तशी तिने मान वर केली.

"आई, पहिलं तू गातेस ना?"

"हो गं."

"मग नंतर गाते ती कोण?"