ग्दान्स्कला आपलं कोणी नाही

सोफ्यावर सात, जेवणाच्या टेबलाखाली चार आणि दाराआड उभी केलेली तीन, अशी एकूण चौदा पुडकी होती. चारुशीलाने खांद्यावरची पर्सही न उतरवता ती मोजली आणि मग उलट्या दिशेने पुन्हा मोजली. आकडा चौदाच आला. एकात दूध पावडरचे चार डबे चिकटपट्टीने एकत्र बांधले होते. पिस्त्यांच्या पिशव्या होत्या, एक इस्त्री होती, डीव्हीडी प्लेअर होता, आणि झिपच्या पारदर्शक पिशवीत कोंबलेलं, वाघाचं चित्र असलेलं डबल ब्लँकेट होतं. बारा पुडक्यांवर जाड मार्करने नाव, गाव आणि फोन नंबर लिहिले होते. दोन कोरी होती.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

रविकांत टीव्हीसमोर बसला होता. टीव्हीचा आवाज बंद होता. "लोक ठेवून गेले," तो म्हणाला.

"कुठे न्यायला?"

"आता कुठे म्हणजे काय, चारू. नाशिक, पुणे. एक ठाण्याचं आहे."

चारुशीला कुवेतमध्ये, जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीची टेक्निशियन होती. तिने ईदच्या सुट्टीला जोडून रजा टाकली होती आणि ती मंजूर झाली होती. ही बातमी सालमियाहून फहाहीलपर्यंत पोचायला एक आठवडाही लागला नव्हता. कुवेतातल्या मराठी माणसाची रजा मंजूर झाली म्हणजे तो घरी चालला. कुठे चाललात, असं कुणी विचारत नाही. लोक पुडकं घेऊन सरळ दारात उभे राहतात.

"आपण ग्दान्स्कला चाललोय," ती म्हणाली. "हे एकालाही सांगितलं नाहीत तुम्ही?"

"सांगू कसं? हरीश ब्लँकेट डोक्यावर घेऊन तीन मजले चढून आला. लिफ्ट बंद होती. त्याला म्हणू, बाबा रे, आम्ही पोलंडला फिरायला निघालोय?"

"हो. एवढंच म्हणायचं होतं."

"हसला असता तो."

"हसू दे. ब्लँकेट तर परत गेलं असतं."

ग्दान्स्क हे बाल्टिक समुद्रावरचं पोलंडचं जुनं बंदर. मे महिन्यापासून चारुशीला त्याच्या मागे लागली होती. ड्यूटी संपली की लॅबच्या कॉम्प्युटरवर बसून तिने त्या गावाच्या गल्ल्या पाठ केल्या होत्या. महायुद्धात ते गाव जळून गेलं आणि लोकांनी जुनी चित्रं समोर ठेवून ते पुन्हा बांधलं, हे वाचलं तेव्हा तिला ब्याण्णव साल आठवलं. ती कुवेतला आली तेव्हा इराकच्या हल्ल्यात जळलेल्या सालमियातल्या काही भिंती अजून काळ्याच होत्या. ग्दान्स्कच्या धक्क्यावर मध्ययुगातली लाकडी क्रेन होती. तिच्या पोटात माणसाहून मोठी चाकं होती. त्या चाकांत माणसं चालायची आणि जहाजावरचं ओझं वर उचललं जायचं. तीन रात्री राहायचं, क्रेन बघायची, चर्चच्या मनोऱ्यावर चढायचं, एक पूर्ण दिवस समुद्रावर घालवायचा, असं तिने ठरवलं होतं. पोलंडच्या वकिलातीतून दोघांचे व्हिसा आले होते. व्हिसाच्या फोटोसाठी रविकांतने नवा शर्टही घातला होता.

"आणि ही कोरी दोन कुणाची?" तिने विचारलं.

रविकांतने रिमोट उगाच या हातातून त्या हातात घेतला. "ती आपलीच."

तिने एक उघडलं. आत जपानी साडी होती, थोरल्या जाऊबाई रत्नमाला नेसतात तसल्या फिक्या जांभळ्या रंगाची. दुसऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची चिमणी होती. नाशिकच्या घरी नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा असतो, त्याच्यावर ठेवायची.

"वहिनींचा फोन आला होता," तो म्हणाला. "दादाचे गुडघे गेलेत. यंदा घटाला घरचं माणूस हवंय. ईद आणि घटस्थापना एकाच आठवड्यात येतायत, योग आहे म्हणाल्या. मी एजंटकडे मुंबईच्या दोन सीट धरून ठेवल्यात. शनिवारपर्यंत सांगायचंय."

"दोन?"

"मग काय, एक?"

चारुशीला आत गेली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. बसायला जागा नव्हतीच, सोफ्यावर पुडकी होती.

"सोळा वर्षांत सोळा रजा. सगळ्या नाशिकला. त्यात मी काय पाहिलं, सांगा."

"असं काय करतेस? गोदावरीवर गेलो होतो की मागच्या खेपेला."

"गोदावरीवर नाही. पंचवटीत गायधनींकडे इस्त्री पोचवायला गेलो होतो. वाटेत गोदावरी लागली."

तो हसला. "पण पोलंडच का? दुबई जवळ आहे."

"मी रोज लोकांच्या रक्तातलं सोडियम मोजते. सलाइनच्या बाटलीत लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ असतं, रक्ताला चालतं तेवढं. आपल्या या समुद्रात चाळीसच्या वर आहे. ग्दान्स्कच्या समुद्रात सात. रक्ताहून अळणी समुद्र आहे तो."

"मीठ मोजायला पोलंडला जायचं?"

"मोजायला नाही. पाय बुडवून बसायला."

फोन वाजला. रविकांतने तो उचलला, दोनदा "हो वहिनी" म्हणाला आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला. नाशिकहून रत्नमालाबाई होत्या.

"काय गं चारू, हा म्हणतोय तुझं काहीतरी पोलंडचं चाललंय. कुठे आलं ते?"

"जर्मनीच्या पुढे, ताई."

"तिथे कोण आहे आपलं?"

"कोणी नाही. म्हणूनच जायचंय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत त्या थांबल्या. "इकडे घट बसणार आणि घरची सून बर्फात फिरणार. शोभतं का?"

"ऑक्टोबरात बर्फ नसतो, ताई. बारा अंश असतं."

"मला अंश नको सांगूस. लेक पुण्यात एकटी, आणि आईबाप हवा खायला चालले. लोक मला विचारतील."

"ओवीची परीक्षा आहे. तिलाच विचारलं मी आधी. ती म्हणाली, आई, जस्ट गो. प्लीज डोन्ट कम अँड फीड मी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे, येऊन मला खाऊ घालत बसू नकोस."

"शिंगं फुटलीत तुम्हा मायलेकींना."

"फुटली असतील. मी येत नाहीये, ताई. यांचं यांना विचारा." तिने रिसीव्हर नवऱ्याच्या हातात परत दिला.

शुक्रवारी सकाळी तिने सालमियातली तीन पुडकी ज्याच्या त्याच्या दारी चालत नेऊन दिली. उरलेली नऊ फहाहीलची होती आणि ती सगळी हरीशनेच गोळा केलेली होती. हरीश पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर होता आणि तिथल्या मराठी मंडळाचं प्रत्येक काम अंगावर घ्यायचा. रविकांत गाडी काढायला तयार झाला नाही. "माझ्याच्याने त्याच्यासमोर उभं राहवणार नाही," तो म्हणाला. तेव्हा तिने टॅक्सी बोलावली. ड्रायव्हर यूनुस खेडचा होता. रोजा असूनही त्याने सगळी पुडकी खाली नेली आणि डिकीत बसवली.

"बाई, विमानतळ ना?"

"फहाहील. परत करायचंय सगळं."

"परत?" त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "वीस वर्षं झाली मला इथे. पुडकं परत जाताना पहिल्यांदा बघतोय."

हरीशने दार उघडलं आणि आधी ब्लँकेट पाहिलं. त्याची बायको योगिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती एका क्लिनिकमध्ये नर्स होती.

"वहिनी, चेष्टा करताय," हरीश म्हणाला. "रविकांत स्वतः म्हणाला, ठेव."

"ते म्हणाले असतील. माझं विमान पोलंडला जातंय."

"पोलंडला? तिथे माणसाने करायचं काय?"

"चालायचं. दमलं की बसायचं."

"ते तर सालमियाच्या किनाऱ्यावरही होतं."

"मग तुम्ही जा किनाऱ्यावर. मी कुठे अडवलंय?"

योगिनीने हसू दाबलं. हरीशने मात्र पुडक्यांच्या ढिगातून एक लहानसं, पाकिटाएवढं पुडकं काढलं आणि तिच्यापुढे धरलं. त्याचा आवाज उतरला होता. "बरं, बाकीचं राहू द्या. आईच्या बीपीच्या गोळ्या आहेत. मुंबईत उतरून कुरियर केलंत तरी चालेल. एवढं तरी."

"मी मुंबईत उतरणारच नाहीये, हरीशभाऊजी."

"म्हातारं माणूस आहे, वहिनी."

या एका पुडक्यासाठी ती कालपासून तयारी करत होती. तिने त्यावरचं लेबल वाचलं होतं. "काल मी ओवीला पुण्यात केमिस्टकडे पाठवलं," ती म्हणाली. "औषध तेच, मिलिग्रॅम तेवढेच, फक्त कंपनी तिकडची. तिने तुमच्या आईंच्या डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलंय. आज संध्याकाळी नेऊन देईल. आईंना गोळ्या पोचतील. हे पुडकं माझ्याबरोबर जाणार नाही."

हरीश पाकिटाकडे बघत राहिला. "मग पुढच्या वेळी आम्ही कुणाकडे द्यायचं?"

"पोस्ट आहे की," योगिनी म्हणाली.

"तू गप्प बस."

"का बसू? गेल्या रजेत माझ्या माहेरी दोन दिवस राहायचं ठरलं होतं. ते दोन दिवस कुणाकुणाचे डबे वाटण्यात गेले ते मी मोजलेत."

योगिनी लिफ्टपर्यंत सोडायला आली. "चारूताई, रविकांतभाऊजी येणारेत ना तुमच्याबरोबर?"

"ते माहीत नाही. मी जातेय, हे माहीत आहे."

ती घरी आली तेव्हा सोफा मोकळा होता आणि रविकांत त्याच्या एका टोकाला अवघडून बसला होता.

"मी एजंटला फोन केला," तो म्हणाला. "मुंबईची एक सीट ठेवली, एक सोडली. माझं ग्दान्स्क रद्द."

"बरं."

"चिडली नाहीस?"

"नाही. दिव्यापाशी तुम्ही हवेत, हे मला पटतं. मी का हवी, ते पटत नाही."

"अगं, नऊ दिवस वहिनींना एकटीला सगळा स्वयंपाक..." तो तिथेच थांबला.

"बघा. तुम्हीच बोललात."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "कुणी विचारलं, बायको कुठे, तर काय सांगू?"

"सांगा, ग्दान्स्कला गेलीय. म्हणून बघा."

"ग्डान्स."

"ग्दान्स्क."

"ग्दान्स्क," तो म्हणाला. मग एकदा स्वतःशीच म्हणाला, आणि आत जाऊन त्याने तिची गरम शाल कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून दिली.

रविकांत मुंबईला चाललाय हे हरीशला कुणी सांगितलं, ते कळलं नाही. पण रविवारपासून बेल पुन्हा वाजू लागली. चारुशीलाने दार उघडायचं काम नवऱ्यावर सोपवलं. प्रत्येक वेळी तो एकदा तिच्याकडे बघायचा. ती क्रेनचं चित्र असलेला कागद वाचत बसलेली असायची. एकदा त्याने विचारलं, "दोन किलो तरी तुझ्या बॅगेत टाकू का? फ्रँकफर्टला विमान बदलतेस, तिथपर्यंत?"

"आणि तिथून पुढे?"

"हो, तेही खरंच," तो म्हणाला.

विमानतळावर मुंबईची रांग खोक्यांनी भरली होती. रविकांत दोन बॅगा आणि दोरीने बांधलेला एक खोका ढकलत पुढे सरकत होता. फ्रँकफर्टची रांग शेजारीच होती. त्याची पाळी आली तेव्हा तो वळून म्हणाला, "पोचलीस की फोन कर. आणि पाण्यात फार वेळ बसू नकोस, बारा अंश आहे."

"लक्षात आहे म्हणायचं तुमच्या."

त्याचं सामान पट्ट्यावर चढलं. काउंटरवरच्या माणसाने आकडा पाहिला आणि त्याला खोका उघडायला सांगितला. रविकांत वाकून दोरी सोडू लागला. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरच्या मुलीने चारुशीलाला पुढे बोलावलं. तिने आपली बॅग पट्ट्यावर ठेवली.

"बाकी सामान, मॅडम?" मुलीने हिंदीत विचारलं.

"एवढंच आहे."

मुलीने बॅगेच्या मागे वाकून पाहिलं, मग पुन्हा काट्याकडे पाहिलं.

रविकांतच्या काट्यावर त्रेचाळीस किलो सहाशे ग्रॅम होते. चारुशीलाच्या काट्यावर पाच किलो आठशे.