गिरिजाबाईंच्या मुठीतले झाड

मित्रांनो, तुमच्या घरच्या गोड्या मसाल्यात जे काळपट, हलके दगडफूल असते ना, त्याचा मी लांबचा भाऊ. मी एक जुना झुपका आहे. रेनडिअरचे दगडफूल म्हणतात मला. आम्हांला मुळे नसतात, पाने नसतात, नावात फूल असले तरी फुलेही नसतात. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार म्हणजे आम्ही.

माझा जन्म फार दूर, फिनलंडमधल्या एका जंगलात झाला. झाडांखाली जमिनीवरच आमची वस्ती पसरलेली होती. तेव्हा मी जुन्या चांदीसारखा फिकट दिसत असे. वर्षभरात वाढायचो ते जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. हिवाळ्यात रेनडिअर नावाची हरणे खुरांनी बर्फ उकरून आम्हांला खात आणि पुढे निघून जात. उरलेले आम्ही पुन्हा हळूहळू वाढत असू. मी मुठीएवढा होईपर्यंत तुमच्याकडचे एखादे बाळ शाळा संपवून कॉलेजात गेले असते!

मग एके दिवशी एका बाईने मला उचलले. पुढे मला धुतले, ग्लिसरीन पाजले, हिरव्या रंगात बुडवले. त्या दिवशी माझी वाढ थांबली. मऊपणा तेवढा राहिला. खोक्यात बसून मी म्हैसूरला आलो.

मला विकत घेतले सुमाने. ती आर्किटेक्चर शिकत होती आणि तिथल्याच सरस्वतीपुरममध्ये आजी-आजोबांकडे राहत होती. तिच्या कॉलेजच्या मॉडेलमध्ये माझ्या भावंडांची झाडे झाली आणि त्यांचे खूप कौतुक झाले. मी उरलो. उरलेल्या वस्तूंचे काय होते ते तुम्हांला ठाऊकच आहे. चपलांच्या कपाटावर एका डब्यात मी धूळ खात पडलो.

त्या घरात आणखी कोणीतरी बाजूला पडले होते. ती सुमाची आजी, गिरिजाबाई. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. एकदा चुलीपाशी हात भाजला, आणि त्या दिवसापासून आजोबांनी, वेंकोजीरावांनी, त्यांना काही म्हणून करू दिले नाही. "तू सुम्ने बस गं. मी आहे ना!" सुम्ने म्हणजे उगी. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांत कन्नड असे न विचारता पंगतीला येऊन बसते. आजोबा प्रेमानेच म्हणत. पण दर शुक्रवारी चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढणारी बाई खुर्चीत बसून बसून बोलेनाशी झाली.

आजोबांना ते बघवेना. एका सकाळी त्यांनी सुमाला विचारले, "तुझ्या मॉडेलचं सामान उरलंय का गं?" आणि कामाला लागले. थर्माकोलची टेकडी, काडेपेटीच्या काड्यांच्या पायऱ्या, वाटेवरच्या मोठ्या नंदीच्या जागी मातीचा नंदी. नंदीच्या खालच्या वळणावर झाड हवे होते. तिथे त्यांनी मला डिंकाने चिकटवले.

"गिरिजा, हात दे इकडं. चामुंडी घरी आणली बघ तुझ्यासाठी. आता कुठं जायला नको."

आजीची बोटे सावकाश पायऱ्या चढू लागली. माझ्यापाशी येऊन थांबली.

"हे काय? कापूस?"

"नाही आज्जी, कल्लुहूव्वाच्या जातीचं आहे. आपलं दगडफूल," सुमा म्हणाली. "इथं झाड म्हणून लावलंय."

आजीने मला हलकेच दाबून पाहिले. हरणांच्या ओठांनीही मला इतक्या मायेने चाचपले नव्हते. पण मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"झाड चुकलं. चढताना ते डाव्या हाताला येतं."

"उजव्या! मी बघितलंय की."

"कधी? तुम्ही जन्मभर स्कूटरनं रस्त्यानं गेलात. पायऱ्या मी चढले. त्या झाडाला डावा हात टेकून दम खायची मी."

"अगं, पण..."

"चला. दाखवते."

आजोबा गडबडले. "अय्यो! पडलीस म्हणजे?"

"पडले तर उठवा. सुम्ने बसून तरी मी कुठं उभी आहे?"

आजींनी मला डिंकासकट उपटले आणि मुठीत धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी, आजोबा आणि मी असे आम्ही तिघे पायथ्याशी होतो.

आजोबा आधी त्यांना दंडाला धरून ओढू लागले. आजी अडखळल्या. "अहो, ओढू नका री! पुढं चला, मी तुमचा खांदा धरते." मग जमले. थोड्या वेळाने आजोबाच म्हणाले, "जरा बसू या का?"

"कोण दमलं?"

"मीच."

आजी हसल्या. त्यांचे हसणे मी पहिल्यांदाच ऐकले. त्यांच्या घामाने माझा रंग सुटून तळहात हिरवा झाला होता.

त्या वळणावर आजी आपण होऊन थांबल्या. त्यांनी डावा हात पुढे केला. हाताला काहीच लागले नाही. जरा खाली चाचपले, तरी नाही. मूठ माझ्याभोवती घट्ट झाली. आजोबा समोर बघत होते. ते काहीही सांगू शकले असते. आजींना कुठे दिसणार होते?

"गिरिजा," ते म्हणाले, "झाड नाहीये गं. तोडलं की पडलं, कोण जाणे. बुंधा तेवढा राहिलाय."

आजींनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"मग मीच बरोबर," त्या म्हणाल्या आणि वाकून त्यांनी बुंधा चाचपला. त्या बुंध्यावर बसल्या. शेजारच्या खडकावर हात गेला, तर तिथे राखाडी, खरखरीत चकत्या होत्या. ते माझे इथले भाऊबंद! त्यांच्या अंगावरून कोणीतरी खिळ्याने आपले नाव कोरले होते.

"हीपण तुझ्याच घरची दिसतात," आजी मला म्हणाल्या आणि त्या ओरखड्यावरून त्यांनी हळूच बोट फिरवले. मग आजोबांचा खांदा धरून उठल्या. "चला, नंदी वर वाट बघतोय."

मित्रांनो, आता मी त्या थर्माकोलच्या टेकडीवर डाव्या हाताला आहे. माझ्यावर कृपा करून पाणी घालू नका, रंग जाईल. दगडावरचा राखाडी डाग दिसला तर खरवडू नका. तुमचा खिळा क्षणात जे पुसतो, ते वाढायला त्याला कित्येक पावसाळे लागलेले असतात. आणि तुमच्या घरात कोणाला प्रेमाने खुर्चीत बसवून ठेवले असेल, तर एकदा जवळ जाऊन विचारा, कुठे जायचेय?

परवा आजीच म्हणाल्या, "नंजनगूडला जाऊ या. रेल्वेनं."

आजोबांनी या वेळी एवढेच विचारले, "खिडकी कुणाला?"

"तुम्हाला," आजी म्हणाल्या. "बाहेर काय दिसतंय ते मला कोण सांगणार?"