पेपरात छापून आलेला मुलगा

माझं मत कोणी विचारत नाही, म्हणून मी ते पेपरला पाठवते. आठवड्याला एक पत्र. सिमेंटच्या रस्त्यांवर लिहिलं, निवडणुकीच्या तोंडावर वाटल्या जाणाऱ्या पैशांवर लिहिलं, आणि हिवाळी अधिवेशन आलं की आठ दिवसांपुरते रंगवले जाणारे दुभाजक तर माझा दरवर्षीचाच विषय. नाव कौसल्या गजभिये, तेहतीस वर्षं मराठीची शिक्षिका, आता निवृत्त. दादाजी, म्हणजे माझे यजमान, होते तोवर ही मतं सकाळच्या चहाबरोबर त्यांच्या कानावर पडायची. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुहं बराबर आहे, पण चहा थंडा झाला." त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता घरात वाद घालायला पालसुद्धा उरलेली नाही.

मुलगा एकच, प्रशिक. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. अजून लग्न केलं नाही, त्यावरही माझं मत आहे. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. आठवडाभर मी त्या फोनची वाट पाहायची, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. काय काय बोलायचं ते शनिवारपासूनच मनात जुळवून ठेवायची.

यंदा दसऱ्याला तो आला नाही. जन्मल्यापासून त्याचा एकही दसरा दीक्षाभूमीशिवाय गेला नव्हता. आधी बापाच्या खांद्यावर बसून यायचा, मग बापाचा हात धरून. "काम आहे आई," एवढंच म्हणाला. त्या लाखोंच्या गर्दीत मी एकटी फिरले, घरी आले, आणि रागारागात पत्र लिहायला घेतलं. विषय, तरुण पिढी आणि नाती.

आता माझी खोड सांगते. वर्गात पोरांना मी जन्मभर बजावलं, मुद्दा मांडला की त्याखाली उदाहरण द्या, नाही तर अर्धा मार्क कापीन. म्हणून मी उदाहरण दिलं. 'माझा स्वतःचा मुलगा मला रविवारी अकरा मिनिटं देतो. यंदा दसऱ्यालाही त्याला आईकडे यायला सवड झाली नाही.' खाली नाव न घालता 'एक आई' असं लिहिलं. पण पत्र माझ्या मोबाइलवरून, नेहमीच्या नंबरवरून गेलं, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे पूर्ण नाव, वस्ती, मोबाइल नंबर घालून चौकटीत छापलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. धंतोलीत गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेले, तर नंबर लावणाऱ्या मुलीनं विचारलं, "तुम्हीच का त्या पत्रवाल्या मॅडम?" उमरेडहून आलेल्या एका पेशंटनं उठून मला खुर्ची दिली. पुतणी मिनलनं कात्रणाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. प्रशिकच्या काकांनी लिहिलं, 'बेटा, माय ते माय असते.' प्रशिकचा मला वेगळा मेसेज आला, एका शब्दाचा. 'वाचलं.'

पुढच्या रविवारी दहा वाजले, सव्वादहा झाले. मी फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. अकरा वाजता कळलं की आज फोन येत नाही. मग माझं डोकं फिरलं. मी काय खोटं लिहिलं होतं? मत मांडायचा अधिकार मला कोणाच्या मेहरबानीनं मिळालेला नाही. आईनंच नमतं का घ्यावं, असं म्हणून मीही फोन केला नाही. दुसरा रविवार गेला. तिसऱ्या रविवारी वरणभात केला आणि तसाच झाकून ठेवला, खायची इच्छाच होईना. घर इतकं गप्प होतं की शेजारच्या कुकरची शिट्टी आपलीच समजून मी गॅस बंद करायला उठले.

त्यानंतर दोन दिवसांनी रामटेकहून फोन आला. पार्वतीबाई नावाच्या कोणी होत्या, आवाजावरून माझ्याहून मोठ्या वाटल्या.

"मॅडम, आज शेंगदाण्याची पुडी सोडली, त्या कागदावर तुमचं पत्र भेटलं. पोरगा बरा आहे ना आता?"

"आता म्हणजे? बराच आहे."

"दसऱ्याले आला नाही म्हणता, म्हणून विचारलं. आमच्या गोलूनं असंच येणं बंद केलं होतं, तं त्याले कावीळ झाली होती. सांगेच नाही. तुमच्या पोराले काय झालं होतं?"

"काम होतं त्याला."

"कोणतं काम?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"जेवते कुठं तो? डबा लावला का हातानं करते?"

तेही मला माहीत नव्हतं. पार्वतीबाईंना वाटलं लाइन गेली, त्या "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. मी काहीतरी बोलून फोन ठेवला. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून पगार घेतला, आणि स्वतःच्या मुलाबद्दलच्या दोन साध्या प्रश्नांत मी सपशेल नापास झाले. त्या अकरा मिनिटांतली दहा मिनिटं मीच बोलायची. सरकार, रस्ते, तुरीच्या डाळीचा भाव, कोणाचं लग्न काहून मोडलं. तो "हो आई" म्हणायचा, आणि मला वाटायचं, किती छान बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, बाराच्या सुमारास त्याला फोन लावला. ऑफिसात असेल, उचलणार नाही, असं वाटत होतं. उचलू नये अशी थोडी इच्छाही होती. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"काय करून राहिला रे बाबू?"

"भांडे घासून राहिलो."

"बुधवारी? अन् ऑफिस?"

त्यानं नळ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "नोकरी गेली आई. सप्टेंबरातच. आमची पूर्ण टीम काढली."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगासाठीच फोन लावला होता त्या रविवारी. तू कंपन्यांबद्दल बोलून राहिली होती. म्हणे, फालतू लोकं भरून ठेवले होते, काढले ते बरं केलं. ज्याले काम येते त्याले कोणी काढत नाही."

मी हे बोलले होते. शब्द न् शब्द माझाच होता. मोठ्या आवेशात बोलले होते, आणि नंतर तेच वाक्य पेपरलाही पाठवलं होतं.

"दसऱ्याले तिकीट काढलं होतं," प्रशिक म्हणाला. "पण तुह्यासमोर बसून खोटं बोलता येत नाही मले. मग तुहं पत्र आलं. खरं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, आता रागावलो असं दाखवता येते. दर रविवारी ऑफिसात सगळं मस्त आहे, असं सांगायची कटकट नाही."

अडीच महिने पोरगं पुण्यात एकटं होतं, आणि मला वाटत होतं की एकटी फक्त मीच आहे.

"घरी ये," मी म्हणाले. "आजच बस गाडीत."

"कसा येऊ? सगळ्याईनं वाचलं आई. कॉलनीत पाय ठेवला की म्हणतील, पेपरात छापलं तवा मायची आठवण आली. नोकरी गेल्याचं समजलं की म्हणतील, आता फुकट खायले आला."

"लोकांचं काय घेऊन बसला?"

बोलून गेले आणि माझी मलाच शरम वाटली. त्याला लोकांच्या तोंडी मीच दिलं होतं.

"ठेवू का आई?"

"थांब," मी म्हणाले. खिडकीतून कॉलनीचं फाटक दिसत होतं, बाहेर बाकावर नेहमीची चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोरून माझ्या मुलाला बॅग घेऊन यायचं होतं, आणि ते मी त्याच्यासाठी किती अवघड करून ठेवलंय, हे मला दिसत होतं. मी फोन कानाला धरून रडत होते. तो ऐकत होता. त्यानं फोन ठेवला नाही, पण येतो असंही तो म्हणाला नाही.