रिकाम्या कप्प्याचा माणूस

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर मच्छिंद्र बावीस वर्षं उभा होता. लोक त्याला हवालदार म्हणत आणि तो ते आनंदानं खपवून घेई. पोलिसात तो एक दिवसही नव्हता. आत सॉल्व्हंटची पिंपं, एका ठिणगीनं अख्खी वसाहत हादरेल असा माल. म्हणून बिडी, काडेपेटी, तंबाखू, जे काही खिशात असेल ते गेटवर काढून ठेवायचं, असा कंपनीचा नियम होता. गेटच्या केबिनमध्ये भिंतीला साठ कप्प्यांची लाकडी मांडणी ठोकलेली. ज्याचा टोकन नंबर, त्याचा कप्पा. येताना ठेवायचं, जाताना उचलायचं.

हा सगळा ऐवज रोज डोळ्यांखालून जाऊन जाऊन आपल्याला एक विद्या अवगत झाली आहे, असं मच्छिंद्राचं ठाम मत होतं. माणसाचं नाव-गाव सांगू नका, त्याचा कप्पा दाखवा. स्वभाव मी सांगतो. तंबाखू मळणारा चार माणसांत बसणारा, कारण मळलेली एकट्यानं खाल्ली जात नाही. बिडीवाला चिवट, विझलेली पुन्हा पेटवतो, तसं भांडलेल्या भावाशीही पुन्हा बोलतो. गुटखा राज्यात बंद, तरी ज्याच्या कप्प्यात रोज तीन पुड्या पडतात, त्याला कुठलंही काम सांगावं, ते होतं. कसं झालं हे मात्र विचारू नये. दारूवाल्यांचा माल कप्प्यात मावत नाही, तो पोटातून आत जातो, आणि त्यांचा स्वभाव ओळखायला हवालदार लागत नाही. स्वतः मच्छिंद्र तंबाखूवाला. त्यामुळे तंबाखूवाल्यांबद्दल त्याचं मत जरा जास्तच चांगलं होतं, हे सांगायला नकोच.

आणि कप्पा रिकामा असेल तर? तिथं त्याच्या मनात पाल चुकचुकायची. बावीस वर्षांत असे तिघंच निघाले. एक जण तांब्याची तार कमरेला गुंडाळून नेताना सापडला. दुसऱ्यानं दोन गावांत दोन संसार थाटले होते. तिसऱ्याला मधुमेह होता, पण त्याला मच्छिंद्र हिशेबात धरत नसे.

चौथा, बेचाळीस नंबरचा कप्पा, दीड वर्ष रिकामा होता. तो सम्राटचा. आणि नेमकं याच सम्राटचं स्थळ मच्छिंद्राच्या सीमाला सांगून आलं.

पोरगा शिरूर तालुक्यातला, कोरेगाव भीमाचा. वडील साहेबराव एसटीतून निवृत्त झालेले. पोरगा बीएस्सी, कारखान्यात ऑपरेटर, कुरकुंभलाच खोली घेऊन राहणारा. बायोडाट्याच्या शेवटच्या ओळीत ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं : निर्व्यसनी. ज्या शब्दावर शंभर मुलींचे बाप डोळे मिटून हो म्हणतात, त्या शब्दापाशी मच्छिंद्र अडला. पाहण्याचा कार्यक्रम झाला, सीमाला मुलगा आवडला, दोघं फोनवर बोलू लागली. सीमा दौंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. आई गेल्यापासून सहा वर्षं तिनं वरवंडचं घर सांभाळलं आणि बापाकडं कधी काही मागितलं नाही. पहिल्यांदाच ती म्हणाली, "पप्पा, मला हितंच करायचंय." आता ही एकुलती पोर चुकीच्या हातात पडली, तर आपल्या बावीस वर्षांच्या नजरेचा उपयोग काय?

मग त्यानं पाळत ठेवली. सम्राटची बॅग तो इतरांपेक्षा दुप्पट वेळ उचकायचा. बोलायच्या निमित्तानं जवळ जाऊन वास घ्यायचा. वास यायचा तो साबणाचा. पूर्वी हाच पोरगा "आबा" म्हणायचा, स्थळ आल्यापासून "मामा" म्हणू लागला. त्यातही मच्छिंद्राला डाव दिसला. कँटीनवाल्याकडं चौकशी केली, तर हा चहासुद्धा अर्धाच घेतो असं कळलं. अर्धा चहा! पुरता चहासुद्धा घेत नाही, म्हणजे माणूस केवढा सावध असेल!

आणि एका दुपारी ते दिसलंच. पहिली पाळी सुटली होती. गेटसमोर इनुसभाईंची पानटपरी. सम्राट तिथं थांबला, इकडं तिकडं बघितलं, इनुसभाईंनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हातात ठेवलं आणि ते खिशात घालून तो मोटारसायकलवरून दौंडच्या दिशेनं निघून गेला. तोंडात काही टाकलं नाही, थुंकला नाही, हसला नाही.

मच्छिंद्र तडक टपरीवर.

"इनुसभाई, बेचाळीस नंबर काय घिऊन गेला?"

"हवालदार, तुमचा कप्पा गेटच्या आत. माझी टपरी गेटच्या भाईर. हितं तुमचा नियम चालत न्हाई."

"माज्या पोरीचा सवाल हाय."

"मंग पोरीला इचारा की."

"तिला काय कळतंय? भोळी हाय ती. इनुसभाई, ज्याला कसलंच यसन न्हाई, त्या मानसाचा मला भरवसा वाटत न्हाई."

इनुसभाई पानाला कात लावता लावता थांबले. "तीस वर्सं टपरी चालवतोय. सुपारीचं खांड कवा तोंडात टाकलं न्हाई. मंग मी कसला मानूस?"

"तुमी धंद्यावाले. तुमचं येगळं."

"म्हंजी जिथं तुमची इद्या अडती, तिथं येगळं," इनुसभाई म्हणाले आणि पान गिऱ्हाइकाच्या हातात देऊन मोकळे झाले.

पुढच्या महिन्यात सम्राटची दुसरी पाळी होती. शुक्रवारी दुपारी तो गेटवर आला, तो घाईत. मच्छिंद्रानं बॅग घेतली. जेवणाच्या डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. त्यानं कागद सोडला. आत लाल झाकणाची मिसरीची डबी.

मच्छिंद्र डबीकडं बघतच राहिला. गांजा असेल, गोळ्या असतील, असं काहीबाही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण मिसरी! भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड गावात बायका परसात बसून दातांना लावतात. बावीस वर्षांत साठ कप्प्यांपैकी एकातही मिसरी पडली नव्हती.

"ही कुनाची?"

सम्राटच्या कपाळावर घाम आला. आधी तो डबीकडं बघत राहिला, मग रस्त्याकडं. "माझी."

"तू मिसरी लावतो?"

"व्हय, मामा. कवा कवा."

"ठेव मंग कप्प्यात."

बेचाळीस नंबरच्या कप्प्यात पहिल्यांदा काहीतरी पडलं. मच्छिंद्राला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मिसरीवाल्याचं शास्त्र त्यानं तिथल्या तिथं मांडलं. ज्याच्या तोंडात बोट, तो बोलत नाही. तास तास गप्प बसतो, आणि आत काय चाललंय ते बाहेर कळू देत नाही. त्यातून पुरुष माणूस, चोरून लावणारा, आणि वर कागदावर निर्व्यसनी लिहिणारा! असला आतल्या गाठीचा माणूस उद्या आपल्या पोरीपासून काय काय लपवेल?

दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवर आला, तर डबी कप्प्यात तशीच. व्यसनी माणूस बायकोचं नाव विसरेल पण पुडी विसरणार नाही, हे मच्छिंद्राचं आवडतं वाक्य. तो इथंच थांबून विचार करता, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण संशय एकदा डोक्यात बसला की माणूस उलटा पुरावाही सुलटा करून घेतो. पोरगा शरमेनं डबी न्यायला धजला नाही, असं त्यानं ठरवलं आणि डबी खिशात टाकली.

इनुसभाईंनी समोरच्या टपरीवरून ते बघितलं. मच्छिंद्र घरी निघाला तेव्हा हाक मारून एवढंच विचारलं, "हवालदार, त्या पोराचं दात बगितलं का कवा?"

मच्छिंद्रानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी वरवंडला तारीख काढायची बैठक होती. साहेबराव सम्राटला घेऊन सकाळी अकराला आले. जय भीम झाला, पाणी झालं. साहेबराव मोकळा माणूस. शिरूर आगारातले किस्से सांगून त्यांनी पाच मिनिटांत घर आपलंसं केलं. सीमा आत चहा करत होती. मच्छिंद्र मात्र हसत नव्हता. साहेबरावांनी कॅलेंडर मागितलं, तसा त्यानं खिशात हात घातला आणि डबी टीपॉयवर ठेवली.

"तारखेच्या आदी एक इचारायचंय. कागदावर निर्व्यसनी लिवलंय तुमी. मंग ही काय?"

साहेबरावांनी डबी उलटीपालटी करून बघितली. "मिसरी हाय की. कुनाची?"

"तुमच्या पोराच्या बॅगेत घावली. गेटवर."

साहेबराव पोराकडं वळले. "सम्राट? आरं, तुज्या आजीचं तोंड सडाया लागलं तवा आपन तिला सोडाय लावली. आन् तू?"

"माझी हाय, पप्पा," सम्राट खाली मान घालून म्हणाला. "चुकलं माझं."

"मिसरीचं मला वाकडं न्हाई, साहेबराव," मच्छिंद्राचा आवाज चढला. "मी सोता तंबाखू खातो, चारचौगांत खातो. वाकडं लपवायचं हाय. लपवनाऱ्याच्या घरात मी माझी पोर देनार न्हाई."

सीमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती पुढं आली, ट्रे खाली ठेवला, डबी उचलली. झाकण उघडून चिमूटभर काळी पूड तळहातावर घेतली, त्यात बोट टेकवलं आणि सगळ्यांच्या देखत दातांवरून फिरवलं. वरून, खालून, मागच्या दाढेपर्यंत. सराईतासारखं. लग्नाच्या बैठकीत बसलेली ती तीन माणसं तिच्याकडं बघतच राहिली.

"माझी हाय ती," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "त्यानं कवा हात बी लावला न्हाई."

मच्छिंद्रानं आता पहिल्यांदा सम्राटकडं नीट पाहिलं. घाबरून पोराचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, आणि आतले दात दुधासारखे पांढरे होते, मिसरीची काळी झाक कुठंच नव्हती.

"सीमा, कशाला..." सम्राट म्हणाला.

"गप. तू खोटं बोलतो तवा कानापत्तोर लाल व्हतो. पप्पांना तेवडं बी दिसलं न्हाई." ती बापाकडं वळली. "याला म्या पहिल्याच दिशी सांगितलं. त्यो म्हनला, सुटंल तवा सुटंल, तवर मी आनून देतो. हितल्या दुकानात मी मागितली असती तर सांजच्याला तुमाला कळलं असतं. लॅबमधी दिसभर मास्क असतो, घरात तुमच्यासमोर मी तोंड उघडून हसतच न्हाई."

"आन् त्याच्या आदी?" मच्छिंद्राला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

"तुमच्याच पुडीतली तंबाखू. तुमी ड्युटीवर गेला का तव्यावर भाजायची. ह्यो आयती आनून द्याय लागल्यापास्नं भाजली न्हाई."

साहेबरावांनी चहाचा कप बाजूला सारला. मग शांतपणे म्हणाले, "मच्छिंद्रराव, रागावू नका. पन तुमचाच शब्द तुमाला इचारतो. लपवनाऱ्या घरातली पोर आमी कशी करावी?"

प्रश्न रास्त होता. दोन कुटुंबांचं सगळं आता त्याच्या उत्तरावर होतं. सीमा तशीच उभी होती, ओठांच्या कडेला काळी रेघ, डोळे भरून आलेले. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. बावीस वर्षं लोकांचे खिसे तपासणाऱ्या माणसाला आपल्या घरात काय शिजतंय ते कळलं नव्हतं. नाही, तसंही नाही. कळलं होतं, पण त्यानं त्याचा भलताच अर्थ लावला होता, आणि तो अर्थ त्यानं आजवर कुणाला सांगितला नव्हता.

"साहेबराव," तो म्हणाला, "तिनं लपवलं न्हाई. सहा वर्सं ड्युटीवरनं घरी आलो का मला मिसरीचा वास यायचा. हिची आई लावायची. रोज भाजायची. मला वाटायचं, ती गेली पन वास ऱ्हायलाय. भितीत, कपड्यांत. मी दार लावून घ्यायचो, वास जाऊ नये म्हनून." त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "दोन म्हैन्यांपास्नं वास येत न्हाई. वाटलं, आता ती खरंच गेली."

सीमा मटकन खाली बसली. बापाच्या पायाशी.

"पप्पा," ती म्हणाली, "तिची डबी संपली तवा मला बी त्योच वास पायजे व्हता. म्हनून पयल्यांदा भाजली. लावायचं मागनं लागलं."

मच्छिंद्रानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. माणसाच्या व्यसनावरून त्याचा स्वभाव कळतो, असं त्यानं शेकडो वेळा सांगितलं होतं. ते शास्त्र आज त्याला आठवलंही नाही.

साहेबरावांनी डोळे पुसले आणि उगाच घसा खाकरला. मग कॅलेंडर स्वतःच खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं.

"पोरी, तोंड धुऊन ये. आन् दुसरा चहा टाक, ह्यो गार झाला." पोराकडं वळून ते म्हणाले, "तू बी ऊठ. जा, मदत कर तिला. खोटं बोलाय येत न्हाई तुला, निदान चहा तरी येतोय का बगू."